बिनहाराचा फोटो

मित्रांनो, मी फोटोची एक जुनी सागवानी फ्रेम आहे. भिवंडीजवळच्या अंजूर गावात, खाडीकडे तोंड असलेल्या एका घराच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि पॉलिश केव्हाच उडालं आहे. तरी मला अडगळीत टाकायची कुणाची छाती होत नाही, कारण माझ्या पोटाशी केसरीनाथ आहे. एके काळी मला बघायला थेट पंजाबातून माणसं यायची. ती गोष्ट आज सांगते. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एकोणीसशे ब्याऐंशीचा, भिवंडीच्या मंडईजवळच्या दुकानात. फोटो मढवणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांनी मला घडवलं. चंद्रा पदरात फोटो गुंडाळून दुकानाची पायरी चढली, तेव्हा मी नुकती जोडून झाले होते. केसरीनाथ तिचा नवरा. लष्करात शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सीमेवर गेला आणि परतलाच नाही. मेल्याची खबर नाही, कैदेत असल्याची खबर नाही. सरकारदरबारी त्याच्यासाठी एकच शब्द होता, बेपत्ता. इतकी वर्षं तिने फोटो पत्र्याच्या डब्यात जपला होता. कडा सुटायला लागल्या म्हणून मढवायला आणला.

चाचांनी फोटो बसवला आणि सवयीने दोन पितळी खिळे उचलले. आमच्या धंद्याची रीतच आहे ती. माणूस गेलेला असेल तर फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांत हारासाठी खिळे ठोकायचे.

"बेटी, हार के लिए कील लगा दूं ना?"

चंद्रा ताठ झाली. "खिला नको, चाचा. जिता हाय मानूस माजा. जित्याला कोन हार घालतो?"

चाचा चपापले. खिळे परत डबीत टाकले, माझी काच पुन्हा एकदा पुसली आणि मला अगदी हलक्या हाताने तिच्याकडे दिलं. तेव्हापासून मला माझ्या मोकळ्या कोपऱ्यांचा अभिमान वाटायचा.

पुढे अण्णा मास्तर आले. अण्णा भिवंडीच्या शाळेत शिकवायचे. त्यांचा धाकटा भाऊ सुधीर त्याच लढाईत हरवलेला. चंद्राचे अर्ज लिहून देता देता ते तिचे भाऊच झाले. दर भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची आणि ते तिला लुगडं आणायचे. अण्णांच्या मनात आलं, अशा माणसांसाठी एक घर हवं. भिवंडीतल्याच नारपोलीत, यंत्रमागांच्या एका शेडला लागून दोन खोल्या मिळाल्या. तिथे त्यांनी युद्धकैद्यांचं आणि बेपत्ता जवानांचं संग्रहालय मांडलं. सुधीरची बॅट, कुणाचा मफलर, कुणाची अर्धी विणलेली खाट. सगळ्यांच्या मधोमध मी. चंद्राला घरातून मला हलवायचं जिवावर आलं होतं, पण अण्णा म्हणाले, "चार लोकांनी त्याला पाहिलं तर कुणीतरी ओळखेल."

दारावर अण्णांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: 'इथे कोणाच्याही फोटोला हार घालू नये.' ती पाटी वाचून लोक हळू आवाजात बोलायला लागायचे.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. शेजारचे लूम सुरू झाले की भिंत थरथरायची आणि मी रोज थोडी तिरकी व्हायचे. दर शुक्रवारी चंद्रा यायची आणि बोटाने मला सरळ करायची. "वाकडं तोंड करून नको बसू," असं मला नाही, आतल्या केसरीनाथला म्हणायची. एकदा एक सरदारजी आले. वर्षभर शत्रूच्या कैदेत राहून ते परतले होते. ते माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि चंद्राला म्हणाले, "बहनजी, मैं लौट आया ना?" त्या एका वाक्यावर चंद्रा पुढची कित्येक वर्षं जगली.

मग आमचं नाव झालं. वर्तमानपत्रात छापून आलं आणि पंच्याण्णव साली दिल्लीचे एक साहेब पाहणीला आले. राष्ट्रीय मान्यता मिळण्याची गोष्ट निघाली. अण्णांना तर आभाळ ठेंगणं झालं. साहेबांनी खोल्या हिंडून पाहिल्या, चहा घेतला आणि म्हणाले, "मास्टरजी, काम बहुत अच्छा है. लेकिन योजना शहीद स्मारकों की है. लापता लोगों के लिए कोई योजना नहीं है."

"पण साहेब, हे शहीद नाहीत. म्हणजे, तसं कुणाला माहीत नाही."

"इतने साल हो गए, मास्टरजी. एक शब्द ही तो बदलना है."

साहेब गेल्यावर अण्णा सुधीरच्या फोटोसमोर स्टूल ओढून बसले. "मान्यता मिळाली तर दिल्लीत आपलं कुणीतरी ऐकेल रे. शब्दाचं नंतर बघू," असं त्याला समजावत राहिले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. हे नंतर बघू म्हणणारे फार धोक्याचे असतात.

चंद्राला निरोप गेला की खोल्यांना रंग चालू आहे, आता थेट समारंभालाच ये. इकडे दारावरची पाटी उतरली. पेंटरने नवं नाव रंगवलं, 'शहीद स्मृती संग्रहालय'. आणि एका दुपारी अण्णांनी हातोडी घेतली. पहिला हार त्यांनी स्वतःच्या भावाला घातला, हे मला मान्य आहे. पण सुधीर त्यांचा होता. केसरीनाथ त्यांचा नव्हता. माझ्या दोन्ही कोपऱ्यांत खिळे ठोकले गेले, त्या हादऱ्याने काच तडकली, आणि चंदनाचा हार केसरीनाथच्या छातीवर येऊन पडला. तो ओरबाडून टाकावा इतका संताप झाला मला. पण भिंतीवर टांगलेल्या वस्तूचा संताप कुणाला दिसतो?

समारंभाच्या दिवशी गल्लीत मांडव होता. पाहुण्यांचं भाषण ऐकू यावं म्हणून लूम बंद ठेवले होते. अंजूरहून टेम्पो भरून माणसं आली. चंद्रा नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, लाडवांचा डबा घेऊन आली. नेहमीसारखी आधी माझ्याकडे आली, मला सरळ करायला बोट उचललं आणि तशीच थांबली. डबा खाली ठेवून ती अण्णांपाशी गेली.

"अन्ना, खबर कवा आली?"

"कसली खबर?"

"ते गेल्याची. हार घातलास ना. कोन सांगून गेला? कुठं गेले, कसे गेले? मना का न्हाय बोलावलास?"

अण्णांची मान खाली गेली. "खबर काही आलेली नाही, चंद्रा."

"मंग?"

"त्याशिवाय मान्यता मिळत नव्हती."

लाऊडस्पीकरवर आवाज झाला, "आता वीरपत्नी श्रीमती चंद्राबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार..." टाळ्या वाजल्या. चंद्रा स्टेजकडे वळली नाही. तिने हार काढून अण्णांच्या हातात दिला आणि मला भिंतीवरून उतरवलं.

"लोक बोलले असते तर सोसलं असतं," ती म्हणाली. "तुला मी ओवालला, अन्ना."

ती मला उराशी धरून घरी आली. पण टेम्पोतली माणसं हार बघून आली होती. संध्याकाळी शेजारची पुतळाबाई रडत दारात उभी राहिली, हातात पिठलं-भाताचं पातेलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. तिच्यामागे आणखी बायका. त्यांचा काय दोष? हार पाहिल्यावर आमच्याकडे आणखी काही विचारायचं उरत नाही. चंद्रा कुणाशी भांडली नाही. सगळ्यांच्या देखत तिने चूल पेटवली, तवा ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसली. पुतळाबाई पातेलं घेऊन तशीच परत गेली.

अण्णा त्या वर्षी भाऊबीजेला आले नाहीत. नंतरही नाहीत.

मला वाटलं, झालं ते एवढंच. पण खरा घाव पुढच्या वर्षी बसला. केसरीनाथचा शोध घ्यावा म्हणून चंद्रा दरसाल ठाण्याच्या एका कचेरीत अर्ज द्यायची. त्या वर्षी मला पिशवीत घालून घेऊन गेली. टेबलामागचा कारकून स्वभावाने वाईट नव्हता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "बाई, आता कुणाला शोधायचं? तुमच्याच भिवंडीच्या संग्रहालयाने आपल्या यादीत त्यांना शहीद ठरवलंय. त्याला दिल्लीची मान्यता आहे. तुमचं प्रकरण बंद झालं."

"लिवा तुमी," चंद्रा म्हणाली. "जिता हाय म्हनून लिवा."

त्याने पेन खाली ठेवलं. चंद्रा बराच वेळ मला मांडीवर घेऊन समोर बसून राहिली. त्याने लिहिलं नाही.

मित्रांनो, नारपोलीच्या त्या संग्रहालयात आता गर्दी असते म्हणे. पितळी पाटी आहे, ताजे हार असतात, सहली येतात. फक्त तिथे कुणी कुणाची वाट बघत नाही. मला मोठा सन्मान नको. काच बदलली नाही तरी चालेल. पण तुम्ही कधी तिथे गेलात, तर एखाद्या फोटोसमोर लगेच हात जोडू नका. आधी तिथल्या माणसाला विचारा, यांना शोधायला कोण गेलंय?