काळ्या तारेचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पत्रा आहे आणि खरं सांगायचं तर पार थकलो आहे. चिकलठाण्याच्या एका शेडमागे मी उघड्या गटारावर झाकण म्हणून पडलो आहे. एक्स-रे संगणकावर दिसू लागले आणि माझं काम संपलं. लोक माझ्यावरून चालत जातात. त्याचंही आता काही वाटत नाही.

पूर्वी मी चांदी काढायचो. हसू नका. दवाखान्यांत एक्स-रेच्या फिल्मा ज्या पाण्यात धुवत, त्या पाण्यात फिल्मांवरची चांदी विरघळलेली असायची. आमचे मालक नानासाहेब ते पाणी आणून टाकीत ओतायचे आणि मला त्यात बुडवायचे. मला विजेच्या पेटीची काळी तार जोडलेली असायची, समोरच्या कोळशाच्या कांडीला लाल. वीज सुरू झाली की पाण्यातली चांदी माझ्याकडे ओढली जायची आणि अंगावर थर धरायची. आठवड्याने कामगार मुंजाबा मला लोखंडी पट्टीने खरवडायचा. पुन्हा बुडी, पुन्हा खरवडणं. अशी वीस वर्षं गेली. कौतुक चांदीचं व्हायचं, सालटी माझी निघायची.

मुंजाबा कन्नड तालुक्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. एकदा त्याची आई बानाबाई घरचा खंडोबाचा टाक घेऊन आली. टाक म्हणजे चांदीवर उठवलेली देवाची छोटी मूर्ती. दरसाल घासून घासून देवाचे नाक-डोळे झिजले होते आणि धाकट्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. देवावर चांदीचा एक थर चढावा, एवढंच तिचं मागणं होतं. नानासाहेब हो म्हणाले. टाक माझ्या शेजारी काळ्या तारेला टांगायला सांगून ते पाणी आणायला दवाखान्याकडे गेले.

मुंजाबा तार बांधू लागला, तोच बानाबाईने त्याचा हात धरला.

“देवाला काळी तार बांधतो व्हय रं? घरात लगीन हाय. लाल बांध.”

मुंजाबाने आईचं ऐकलं. पण लाल तारेला टांगलेली चांदी विजेने सुटते, पाण्यात उतरते आणि काळ्या तारेकडे येते. मला ते ठाऊक होतं, पण पत्र्याला तोंड कुठून असणार? तीन तास देव थोडा थोडा माझ्या अंगावर येत राहिला. मला फार वाईट वाटत होतं.

नानासाहेब परतले तेव्हा तारेला चाळणीसारखा एक तुकडा उरला होता. बानाबाईने तो तुकडा उचलून कपाळाला लावला. मुंजाबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नानासाहेब रागावले नाहीत. चांदी कुठं गेली नाही, या पत्र्यावरच आहे, ती वितळवून लग्नाआधी सोनाराकडून नवा टाक करून घेऊ, असं त्यांनी समजावलं. मग ते म्हणाले,

“पण मावशी, हिच्यात दवाखान्यातलीबी चांदी मिसळली. देवाची कोणती, ते आता निवडता यायचं नाय.”

बानाबाईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

“लोकांच्या दुखण्यातली हाय ती,” ती म्हणाली. “देवात गेली तर देवाला जड नाय व्हायची.”

त्या दिवशी मला खरवडायला ती स्वतः बसली. लोखंडी पट्टी तिने बाजूला सारली आणि लाकडाच्या चिपेने, आजाऱ्याचं अंग पुसावं तशी, चांदी उतरवून घेतली.

मित्रांनो, वस्तूकडून काम जरूर घ्या, तिचा जन्मच त्यासाठी असतो. पण घेताना हात हलका ठेवा. वीस वर्षांत मला तो एकदाच मिळाला.