पहिली पसंती : शिल्पकला

मुंबईहून फॉर्म आला तेव्हा बारावीचा शेवटचा पेपर होऊन आठ दिवस झाले होते. कलेची डिग्री, आणि शाखा तीन : रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला. पहिली पसंती मी लिहायची, खाली पालकाची सही. पण घरातल्या प्रत्येकाला पसंती फुटली!

"रंगकला लिही," दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील, पिंगळीच्या शाळेत मास्तर. "ड्रॉइंगची मास्तरीण झालीस की सुटलीस."

"काका, रंगकलेवर कोण जेवलंय?" हा भुजंग, माझा चुलतभाऊ. परभणीत दुकानांच्या पाट्या रंगवतो. झरीपासून परभणीपर्यंत नामांतराच्या घोषणा दिसतात ना भिंतींवर, त्या त्याच्याच. "उपयोजित लिही, विशाखे. जाहिराती, पोस्टरं. लय मागणी हाय."

"तुझी अक्षरं तिरकी होत्यात, ते बघ आधी. मी शिल्पकला लिहिणार."

दादांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, तास सुरू झाला.

"तुझ्या आज्यानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. आन् तू मूर्त्या घडवणार?"

"देव न्हाई, दादा. माणसं."

"माणसं! ते बाईचं काम न्हाई." आणि फॉर्मवर पेन्सिलीनं 'रंगकला' लिहून मोकळे. आधी पेन्सिल, मग शाई, ही त्यांची शाळेतली सवय.

मला असा संताप आला! तशीच रानात गेले, घमेलंभर काळी माती आणली आणि तानुआत्याला समोर बसवून तिचं डोकं घडवलं. आत्या दादांची थोरली बहीण, आमच्यातच राहते. तिसऱ्या दिवशी नाकापासून कानापर्यंत भेग गेली. चौथ्या दिवशी हनुवटीच खाली.

"आत्या, जबडा सांभाळा," भुजंग खिदळला. "लय बोलता तुमी!"

आत्यानं हनुवटीचा तुकडा बोटांत चुरला.

"येडे, ही कापसाची माती. उन्हाळ्यात रान कसं उलतंय, बघितलं न्हाईस? हिची चूल घातली तर पहिल्याच भाकरीला दोन तुकडे."

आमच्या गल्लीतल्या साऱ्या चुली आत्यानं घातलेल्या. तिनं मला पडक्या गढीकडं नेलं, पांढरी माती खणून दिली. त्यात घोड्याची लीद, भुसा. दोन दिवस भिजवली, मग दोघींनी पायानं तुडवली. मानेत बाभळीची काठी घातली आणि मी पुन्हा बसले.

"एवढं मोठं हाय का गं नाक माझं?"

"हाय."

"मग असू दे."

ह्या वेळी सावलीत, ओल्या पोत्याखाली हळूहळू वाळवलं. एक भेग नाही! ओट्यावर ठेवून दादांना बोलावलं. ते भोवती फिरले, बोटानं टकटक केली.

"माती कुणी मळली?"

"आत्यानं आन् मी. दादा, ह्या गल्लीत बाप्यानं घातलेली एक चूल दाखवा."

भुजंग बोटं मोजायला लागला, आणि त्याचं एकही बोट मिटेना.

"मातीचं काम इथं बायाच करत्यात. मी त्याचीच डिग्री घ्यायला चाललेय."

मी पेन्सिलीचं खोडलं, शाईनं 'शिल्पकला' लिहिलं, ठसठशीत, आणि फॉर्म पुढं केला. "सही करा."

"न्हाई केली तर?"

"आत्याचा अंगठा घेते. ती बी पालकच हाय माझी."

आत्यानं अंगठा पुढं केलासुद्धा. दादांनी तिच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मास्तराच्या घरातून अंगठा जाणार? आण इकडं!"

सही केली. अगदी पूर्ण, आडनावासकट. मग हळूच म्हणाले, "खाली दुसरी पसंती विचारलीय. तिथं तरी रंगकला लिही."

"न्हाई," मी म्हणाले, आणि ती ओळ कोरी ठेवून लिफाफा चिकटवला.