काळ्या चष्म्यामागची हळद

रविवारी सकाळी आठ वाजता चामराजपेटमधल्या एका वठारात सगळी माणसं काळे चष्मे लावून उभी होती. ऊन नव्हतं. वठार म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा आणि मध्ये एक नळ. त्या नळाशी दोन बायकांच्या घागरी एकमेकींवर आदळल्या, कारण दोघींनाही दिसत नव्हतं.

शहरात डोळ्यांची साथ होती. बंगळूर तिला ‘मद्रास आय’ म्हणतं, म्हणजे दोष परगावचा. वठारात मुक्कामाला आलेल्या योगीराज स्वामींचं म्हणणं, हा रोग नजरेतून नजरेत उडी मारतो, तेव्हा मध्ये काळी भिंत घाला. भिंत त्यांच्याकडेच मिळत होती, मंत्र घातलेली. पहिल्या गिऱ्हाइकांचे डोळे आठवड्यात निवळले होते. चष्मा न घेतलेल्यांचेही निवळले होते, पण त्यांचा गवगवा कोण करणार?

दुपारी स्वामी लोकांच्या डोळ्यांत अंगठ्याने सिद्धांजन घालणार होते. पहिला नंबर यल्लव्वांचा. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्याला संसर्ग झाला तर दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

समोरच्या रांगेत पुण्याहून आलेली प्रमोदिनी राहते. जयनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने यल्लव्वांना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर पण हातच लावतो की. मग ती वठाराचे अध्यक्ष आप्पाजी यांच्याकडे गेली.

“स्वामींच्या चष्म्याची टेस्ट घेऊ. तुम्ही पेशंट व्हा.”

“मी कशाला? मी अध्यक्ष हाय.”

“म्हणूनच. अध्यक्ष सगळ्यांना भेटतात.”

हे पटलं. सत्य परीक्षेला भीत नाही, असं स्वामींनीही जाहीर केलं. प्रमोदिनीने आप्पाजींच्या तळहातांना तेलात कालवलेली हळद चोळली. चष्मे दोन्ही रांगांनी लावायचे. डाव्या रांगेने रोजच्यासारखं वागायचं. उजवीने सगळ्यांपासून चार हात लांब राहायचं, टॉवेल-तांब्या आपापला, नळ कोपराने फिरवायचा. यल्लव्वांना तिने यातून वगळून दारात बसवलं.

आप्पाजींनी काम मन लावून केलं. डाव्या रांगेत हात मिळवले, पोरांचे गाल ओढले, दारांच्या कड्या वाजवल्या, स्वामींचे दोन्ही हात भक्तिभावाने हातात धरले. उजवीकडे गेले की लोक मागे सरकायचे. त्याचा त्यांना राग आला.

बारा वाजता प्रमोदिनीने चष्मे उतरवायला सांगितले.

डाव्या रांगेत जवळपास प्रत्येकाच्या डोळ्यांभोवती पिवळं कडं होतं. मंत्राचे चष्मे मापाचे नव्हते. सारखे घसरायचे आणि लोक बोटाने वर सारायचे. उजवीकडे एकटे व्यंकोजी पिवळे निघाले. आप्पाजींचा पेपर वाचायला नेल्याचं त्यांनी कबूल केलं.

“पिवळा हा सात्त्विक रंग,” स्वामी म्हणाले. “रोग पिवळा नसतो.”

“नसतो, म्हणून तर दिसत नाही,” प्रमोदिनी म्हणाली. “हळद म्हणजे रोग नव्हे, पण रोगही याच हातांनी फिरतो. चष्मा दोन्ही रांगांना होता. फरक फक्त अंतराचा होता. मग काम कुणी केलं? माझ्या शब्दावरही जाऊ नका. आठवडाभर दोन्हीकडचे लाल डोळे मोजा.”

स्वामींनी अंजनाची डबी उघडली. यल्लव्वांनी मान वर केली आणि समोर आलेला अंगठा पाहिला. पिवळाधमक होता.

“स्वल्प थांबा. आधी हात धुवा.”

“धुतला तर सिद्धी जाते.”

“जाऊ दे की, अण्णा. मला एकच डोळा हाय.”

स्वामींचा अण्णा झालेला अख्ख्या वठाराने ऐकला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत यल्लव्वांचा डोळा स्वच्छ आहे. उजव्या रांगेत नवे लाल डोळे फक्त व्यंकोजींचे. पेपर ते अजून आप्पाजींचाच वाचतात. डाव्या रांगेचा आकडा हाती आलेला नाही. तिथे चष्मा काढायला कोणी तयार नाही.