दम

नवऱ्याच्या छातीवरचा जेलचा निळसर गोळा घसरत टाक्यांच्या उभ्या व्रणापाशी अडकला... डॉक्टरने त्यावर यंत्राचं टोक टेकवलं आणि पडद्यावरची हृदयाची करडी पिशवी मिटू-उघडू लागली. केवढ्या जोरात! सुशीला बघतच राहिली. बायपासच्या आधी ही पिशवी नुसती थरथरायची.

"मसल मरी नहीं थी, आंटीजी," डॉक्टर खुशीत म्हणाला. "खून कम मिल रहा था, तो सोई पड़ी थी. अब जाग गई. पंपिंग तीस से सीधे पैंतालीस!"

जागं झालं. ते तिला आधीच कळलं होतं — परवा, डॉक्टरनेच कमी करायला सांगितलेलं मीठ भाजीत कमी पडलं म्हणून नवऱ्याने, नरहरींनी, ताट भिंतीवर भिरकावलं तेव्हा. रेल्वेत नोकरीला असताना भिरकावायचे, अगदी तसंच. मधली आजारपणाची दोन वर्षं मात्र पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात आवाज चढला नव्हता. जिन्यात धापा टाकत ते तिच्या खांद्याचा आधार घ्यायचे, "तुले वाटते तसं कर, सुशीला," म्हणायचे, आणि ती — मूर्ख मी! — मी रेडिओ लावून स्वयंपाक करायला लागले, दुर्गला बहिणीकडे एकटी जाऊन राहिले. वाटलं, उतारवयात का होईना, या माणसाला माया फुटली... ऑपरेशनला ते भीत होते. हट्ट मीच धरला. इतक्या वर्षांनी लाभलेला माणूस हातचा जाऊ नये म्हणून.

माया नव्हती ती. ओरडायला दम पुरत नव्हता, एवढंच.

तपासणी संपली, तसे नरहरी दवाखान्याच्या पायऱ्या भराभर उतरून गेले आणि खालून ओरडले, "काहून रेंगाळून राहिली? पाय मोडले का तुये?"

रांगेतले ऑटोवाले वळून बघू लागले.

'अहो, हळू...' सवयीने तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. ओरडू दे, पळू दे. आणि मग तो विचार, इतके दिवस मागे मागे ढकललेला, स्पष्ट समोर आला — झोपलेलंच राहिलं असतं तर... कायमचं...

असं मनात आल्याची आता लाज वाटेल, म्हणून ती कठडा धरून थांबली. खालून पुन्हा हाक आली, आणखी मोठ्याने.

लाज काही वाटली नाही.