दर दहा मिनिटांनी अच्युतराव

सोमवारी सकाळी आमच्या ह्यांचा डावा कान गेला आणि मंगळवारी त्यांची शीळ. कान लगेच पिठाच्या डब्यात सापडला, अजून कोमट होता, म्हणून लावल्यावर बसला. शीळ बुधवारी कपाटामागे मिळाली, तोवर ती गार पडली होती. गार झालेली गोष्ट माणसाला परत बसत नाही. अच्युतराव म्हणाले, जाऊ दे गं, तशीही मी बेसूरच वाजवायचो. बेसूर तर बेसूर, पण बत्तीस वर्षं मी त्याच शिळेने उठत होते, आणि मला ती हवी होती.

ऑफिसात मी हेच काम करते. सर्व्हरवरच्या फायलींची आधी मूळ यादी करायची, मग ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप यादीशी ताडून बघतं, काय बदललं, काय हरवलं. फायलींना जमतं ते नवऱ्याला का जमू नये? शनिवारी ऑफिसातलं यंत्र घरी आणलं, त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि यादी केली. चामखिळी, सोन्याचा दात, शिंकेआधीचं तोंड, माझ्या माहेरच्यांना मारायचे टोमणे. टोमणे वगळू का, असं यंत्राने विचारलं. मी म्हटलं, राहू देत मेले. नग झाले चार हजार एकशे बारा.

एका तपासणीला अकरा मिनिटं लागत. तेवढा वेळ ते जागच्या जागी थिजत, कारण हलती गोष्ट मोजता येत नाही. आधी मी रोज सकाळी सहाची वेळ लावली, पण दुपारी गळलेलं सहापर्यंत गार होऊन जायचं. मग दर तासाला लावली. करंगळी वाचली, गुडघा वाचला, अर्धा राग मात्र गेला. मग दर पंधरा मिनिटांनी. आता सगळं कोमट असतानाच हाती लागायचं. मी खूश होते.

"चार मिनिटांत चहा होतो," ते एकदा म्हणाले, "भांडण होत नाही गं."

"मग नका भांडू."

"भांडायचं नाही तर तुझ्याशी बोलायचं काय?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं, आणि पुढची अकरा मिनिटं ते तसेच हसऱ्या तोंडाने बसून राहिले.

गुरुवारी त्या चार मिनिटांतच त्यांचं 'बयो' गेलं. मला बयो म्हणणारा जगात हा एकच माणूस. गॅलरीत येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो बाई, जरा सरकता का?" सगळं घर उलथंपालथं केलं. 'बयो' मोरीतल्या बादलीमागे होतं, जेमतेम कोमट. ते त्यांच्या जिभेवर ठेवलं आणि तशीच जाऊन वेळ दर दहा मिनिटांवर आणली.

दहात अकरा मावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ऑफिसात मीच भिंतीवर चिकटवलंय, दोन तपासण्यांत तपासणीपेक्षा जास्त अंतर ठेवा म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पहिली संपायच्या आत दुसरी सुरू होते, दुसरी संपायच्या आत तिसरी. तपासणी चालू असताना वेळ बदलता येत नाही. वीज बंद करावी तर मूळ यादी पुसली जाते, आणि लावलेलं सगळं गळून पडतं.

अच्युतराव दारात उभे आहेत. माझ्याकडे येता येता थांबलेत, एक पाऊल उचललेलं, हात पुढे, ओठ 'बयो' म्हणायला मिटलेले. यंत्राच्या पडद्यावर दर दहा मिनिटांनी येतं, नवीन काहीही हरवलेलं नाही.

दोन दिवस मी त्यांच्यासमोर बसून जेवले. त्यांच्या आईला, भावाला, अख्ख्या खानदानाला नावं ठेवली. त्यांचे टोमणे एकूण एक जागेवर आहेत, मी यादी पाहिली. इतकी आठवण मला ते परगावी गेल्यावरसुद्धा कधी आली नव्हती.

आज राहवलं नाही. उठले आणि त्या पुढे केलेल्या हातात माझा हात दिला. पडद्यावरचा नगांचा आकडा चार हजार एकशे तेरावर गेला, आणि माझी करंगळी हलायची थांबली.