इतिहासाच्या तासाला हजेरी शून्य

विद्यापीठातल्या पहिल्याच आठवड्यात तिचं घोडं अडलं, आणि तेही एका शब्दापाशी. तो शब्द म्हणजे 'हजर'. बाकीच्या विषयांना सहीचा कागद फिरायचा, तिथे ती वळणदार सही करून मोकळी व्हायची. इतिहासाचे सर मात्र जुन्या वळणाचे. ते नावं पुकारायचे. आपलं नाव आलं की ऐन वेळी हिचे ओठ नुसतेच हलायचे. ती हात वर करायची, पण तोही खांद्यापर्यंत जाऊन लाजायचा. सर क्षणभर थांबत, हजेरीपुस्तकातून डोळे न उचलता फुली मारत आणि पुढच्या नावाकडे वळत. अशा रीतीने पहिल्या बाकावर बसून ही पोरगी वर्षभर गैरहजर राहिली.

आता तुम्ही म्हणाल, तासानंतर सरांना जाऊन सांगायचं की. तुमचं सोपं आहे हो. गेली होती ती. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून, पाठ करून सरांच्या खोलीबाहेर चार वेळा उभी राहिली. तीन वेळा सर नव्हते. चौथ्यांदा होते, म्हणून ती पळाली.

बोलता येत नाही म्हणून ती लिहायची. वर्गात घडेल ते सगळं, तारीख आणि वेळेसकट; न जाणो, परीक्षेत आलं तर! तिच्या वहीच्या प्रती वर्गभर फिरत. पोरांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, ती तिला 'वही'च म्हणत.

परीक्षा महिन्यावर आली आणि घरी पत्र गेलं. आपली कन्या इतिहासाच्या चाळीसपैकी शून्य तासांना हजर असल्यामुळे तिला परीक्षेला बसता येणार नाही. आई घरी शिवणकाम करायची. पडदे शिवायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा 'मुलगी विद्यापीठात आहे' हे ऐकल्याशिवाय तिथून सुटका नसे. तिचा लगेच फोन आला.

"शून्य? अगं, चुकून तरी एखाद्या दिवशी जायचंस!"

"आई, मी रोज जाते."

"मग त्यांना दिसत कशी नाहीस?"

आई रागावली असती तर परवडलं असतं. पण तिच्या आवाजात शंका होती. आजवर आईने तिच्यावर कधी शंका घेतली नव्हती, आणि ती गोष्ट तिला त्या शून्यापेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाने पत्राची आपल्याकडची प्रत काढून पाहिली. "हजर होतात याचा पुरावा?"

"मी... तिथेच होते."

"काय? मोठ्याने बोला."

शेजारीच 'नवीन विद्यार्थ्यांची भीती घालवण्यासाठी मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी होती. तिने तिकडे बोट दाखवलं. "तो लाभ पंचाहत्तर टक्के हजेरी असलेल्यांनाच," कारकून म्हणाला आणि दया येऊन त्याने तिला विभागप्रमुख मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. सरांनी कानावर हात ठेवले. "या मुलीला मी जन्मात पाहिलेलं नाही." आणि ते अगदी खरं होतं.

तिने वही पुढे केली. मॅडमनी मधलंच एक पान उघडून वाचायला घेतलं. "अकरा तारीख. सर वीस मिनिटं उशिरा. युद्धाची तीन कारणं. पहिलं कारण झालं. सरांना फोन आला. सर बाहेर. उरलेली दोन कारणं राहिली." मॅडमनी पान उलटलं. "अठरा तारीख. सर आले नाहीत. वर्ग रिकामा. मी तास संपेपर्यंत बसले. पंचवीस तारीख. सरांच्या सासऱ्यांच्या कुत्र्याचा किस्सा, पाचव्यांदा. या खेपेला कुत्रा दोघांना चावला."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरेच्चा, ही होय!" ते एकदम म्हणाले. "पहिल्या बाकावरची! फार गुणी मुलगी, मॅडम. फुल्या नजरचुकीने पडल्या असतील." त्यांनी लगबगीने कागद ओढला आणि लिहिलं, चाळीसपैकी चाळीस. मॅडमनी सुटकेचा नि:श्वास टाकला. वहीही मिटली.

इथे कुणाही शहाण्या माणसाने कागद उचलून धूम ठोकली असती. पण ही मुलगी घाबरट होती, आणि घाबरट माणसाला खोटं पचत नाही. शून्य खोटं होतं, तसं हे चाळीसही खोटंच. आईने विचारलं असतं, 'आता हे कुठून आलं?' तर ती काय सांगणार होती? आईला दाखवायला तिला खरा आकडा हवा होता.

"तेवीस," ती म्हणाली.

"काय?"

"तास तेवीसच झाले, सर! सतरा वेळा तुम्ही आलाच नाहीत!"

आवाज वर्षभर आत साठला होता, त्यामुळे तो एकदमच बाहेर पडला. बाहेर खिडकीतला कारकून उभा राहिला, रांगेतली मुलं वळून बघू लागली. मॅडम उठून स्वतः दार लावायला धावल्या. सरांनी चाळीस खोडून दोन्हीकडे तेवीस लिहिलं आणि सही ठोकली.

जिना उतरायच्या आधीच तिने फोन लावला. "आई, तेवीसपैकी तेवीस! मी परीक्षेला बसतेय!"

"ओरडतेस कशाला गं, ऐकू येतंय मला." शिलाईयंत्र थांबलं. आईने नाक ओढलं आणि मग ठसक्यात म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, माझी मुलगी तास बुडवणारी नाहीच."

आई असं काहीही म्हणाली नव्हती, आणि ती काय म्हणाली होती ते मुलीला तारखेसकट पाठ होतं. पण ते तेवढं तिने कुठेच लिहून ठेवलं नाही.