दोन वाजून पाच मिनिटं

आमच्या कुम्हारी गावातल्या घरातला जुना कंप्युटर भंगारात द्यायचा नाही, असं मी ठरवलं आणि तिथूनच डोक्याला ताप सुरू झाला.

गळ्याच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला. तिला काही हवं असलं की ती ताटलीवर चमचा वाजवते. तिचा बोलता आवाज आता फक्त या डब्यात, जुन्या व्हिडिओंमध्ये होता, आणि आतली डिस्क कटकट करू लागली होती. मी पावर हाउसच्या बाजारातून नवी डिस्क आणली. कंप्युटरचाच घरचा फाईल सर्व्हर करायचा, सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, म्हणजे घरात कोणीही आपल्या मोबाईलवर ते पाहू शकेल.

सकाळी सहाला कॉपी लावून मी नेहरू नगरला कोचिंगमध्ये शिकवायला जायची. संध्याकाळी परत यावं, तर मशीन बंद! कॉपी अर्धवट, आणि डिस्कची कटकट आणखी वाढलेली. असं तीन दिवस झालं. लाईट गेली म्हणावं, तर शेजारची नीतू म्हणाली, गेलीच नाही. मला राग तर आलाच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटू लागलं. मशीनमधली नोंद उघडली. तिन्ही दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी कोणीतरी बटण दाबून रीतसर बंद केलेलं. भूत असतं तर इतकं वक्तशीर नसतं.

चौथ्या दिवशी सुट्टी टाकून मी पडद्यामागे उभी राहिले. दोन वाजून चार मिनिटांनी बाबा आले. चौतीस वर्षं ते स्टील प्लांटमध्ये पाळ्यांवर इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी डब्याला उलटा हात लावला, मान हलवली आणि बोट बटणाकडे नेलं.

"बाबा! कावून बंद करून राहिले?"

ते दचकले, पण लगेच उखडले. "हात लावून पाह्य! सहापासून तापून राह्यलं. माणसाले आठ घंट्यात पाळी बदलाले रिलीव्हर भेटते, याले कोण हाये? तुह्या मायचा आवाज हाये त्याच्यात. जळला त मंग?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्याच्यासाठी मी ते चालू ठेवत होते, त्याच्यासाठीच बाबा ते बंद करत होते.

"बाबा, मधात बंद केलं का ते जास्त बिघडते."

"मंग हे आधी नाई सांगाव?"

खरंच, सांगितलं नव्हतं. आम्ही झाकण उघडलं. पंख्यावर धुळीचा थर बसलेला. बाबांनी रंगाच्या ब्रशने तो स्वच्छ केला, समोर टेबलफॅन लावला आणि वही घेऊन खुर्ची टाकली. दर घंट्याला उलटा हात लावायचा आणि लिहायचं, 'गरम नाही. आवाज ठीक.' दुसऱ्या दिवशी दुपारी कॉपी पूर्ण झाली.

मी स्वयंपाकघरात आईच्या मोबाईलवर पहिला व्हिडिओ लावला. दिवाळी, चकल्यांचा घाणा, आणि आईचा खणखणीत आवाज: "अहो, ते कंप्युटर बंद करा ना आधी! केव्हाचं तापून राह्यलं!"

बाबा ताडकन उठले आणि सवयीने खोलीकडे निघाले.

आईने त्यांचं मनगट घट्ट धरलं. ती हसत होती आणि रडतही होती. दुसऱ्या हाताने तिने ताटलीवर चमचा वाजवला आणि मोबाईलकडे बोट केलं. पुन्हा लाव.